बाही की बायपास: संमतीपत्राच्या मराठीविषयी

हा लेख आम्ही दोघे मिळून लिहीत आहोत. दोघेही पिंपरी-चिंचवड परिसरातील महाविद्यालयांत मराठी शिकवतो. शस्त्रक्रियेतले आम्हांला काही कळत नाही हे आरंभीच कबूल केलेले बरे. भाषेतले थोडेफार कळते, निदान पगार त्याचाच मिळतो. आणि ज्या प्रकरणाविषयी येथे लिहायचे आहे ते आमच्या मते वैद्यकाचे होण्याआधी भाषेचे आहे.

निमित्त असे घडले. आमचा एक जुना विद्यार्थी चाकणच्या वाहनउद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यात काम करतो. वय बेचाळीस, उंची पाच फूट पाच इंच, वजन ११८ किलो, म्हणजे बीएमआय ४३च्या पुढे. मधुमेह सहा वर्षांचा. आठवडाआड रात्रपाळी, त्यामुळे जेवणाला ठिकाण नाही. छातीत सतत जळजळ, करपट ढेकरा. लाइनवर आठ तास उभे राहून गुडघे गेलेले, त्यासाठी रोज रात्री वेदनाशामक गोळी. घर देहूच्या बाजूला आणि गळ्यात माळ, म्हणजे अंडेसुद्धा वर्ज्य. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा सल्ला त्याला मिळाला होता. विम्याच्या अटींत तो बसत होता. (विमा नियामकाच्या २०१९च्या निकषांत बीएमआय ४०, किंवा गंभीर सहव्याधी असल्यास ३५, अशी रेघ आहे.) प्रश्न एवढाच होता की कोणती शस्त्रक्रिया, आणि तो त्यालाच ‘निवडायला’ सांगितला होता.

त्याने दोन कागद आमच्यापुढे ठेवले. पहिले माहितीपत्रक, गुळगुळीत कागदाचे. त्यात तीन रकाने: स्लीव्ह, बायपास, मिनी बायपास. प्रत्येकाखाली शस्त्रक्रियेचा वेळ, रुग्णालयातले दिवस, खर्च आणि पहिल्या वर्षात उतरणारे वजन. दुसरे संमतीपत्र. त्यात स्लीव्हचे मराठी ‘जठर बाही उच्छेदन’ असे केलेले होते, आणि खाली सर्व पर्यायांची व गुंतागुंतीची कल्पना मला समजणाऱ्या भाषेत देण्यात आली आहे, असे त्याच्या वतीने आधीच लिहून ठेवलेले होते. तो म्हणाला, “सर, बाही म्हणजे शर्टाची ना? मग हिचं काय करतात?”

आम्ही हसलो. नंतर त्या हसण्याची लाज वाटली, कारण उत्तर आम्हांलाही देता येईना. मग आम्ही वाचू लागलो, डॉक्टरमित्रांना विचारू लागलो.

स्लीव्ह म्हणजे जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश भाग कापून कायमचा काढून टाकायचा. उरते ती केळ्याच्या आकाराची एक नळी. काढलेला भाग परत बसवता येत नाही. भुकेचे एक संप्रेरक मुख्यत्वे ह्याच भागात तयार होत असल्याने भूकही मंदावते. बायपासमध्ये जठर काढत नाहीत. त्याच्या वरच्या टोकाला साधारण तीस मिलिलिटरची पिशवी करतात आणि लहान आतडे खालून उचलून तिला जोडतात; अन्न उरलेल्या जठराला व आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला वळसा घालून पुढे जाते. गंमत अशी की ‘बायपास’ हा शब्द आमच्या भागातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. कात्रज-देहूरोड बायपासने रोज हजारो ट्रक गाव टाळून जातात, तसेच हे. पण हे एवढे एक वाक्यदेखील त्या कागदावर नव्हते. बिचाऱ्याला वाटत होते की बायपास म्हणजे हृदयाची शस्त्रक्रिया आणि ती आपल्याला कशाला!

‘मिनी’ ह्या शब्दाची तर आम्हांला चीडच आली. ही पद्धत अमेरिकेतील शल्यविशारद रॉबर्ट रटलेज ह्यांनी १९९७मध्ये सुरू केली. तिच्यात जोड दोनाऐवजी एक असतो, त्या अर्थाने ती सुटसुटीत. पण वळसा घातलेल्या आतड्याची लांबी पाहावी तर ती बहुधा १५० ते २०० सेंटिमीटर, म्हणजे हे प्रकरण मुळीच ‘मिनी’ नाही. २०१९मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केलेल्या एका फ्रेंच चाचणीत हा वळसा २०० सेंटिमीटरचा होता; वजन नेहमीच्या बायपासइतकेच उतरले, मात्र जुलाब आणि पोषणाच्या तक्रारी अधिक आढळल्या. आता आमच्या माळकरी विद्यार्थ्याचा विचार करा. शस्त्रक्रियेनंतर रोज निदान साठ ग्रॅम प्रथिने पोटात जावीत असे सांगतात. अंडी नाहीत, मासे नाहीत, महिन्याला दोन एकादश्या साबुदाण्यावर, आणि जे खावे त्यातले पुरते शोषले जाईलच असे नाही. त्याला ‘मिनी’ हे विशेषण वापरून काय सांगितले जाते? लहान आहे, स्वस्त आहे, लवकर घरी जाल. शब्दाने माहिती द्यायची असते, येथे तो भुलवण्याचे काम करतो.

खरी निवड कोठे होती? त्याच्या जळजळीत आणि त्याच्या गोळीत. स्लीव्हनंतर आम्लाची जळजळ वाढू शकते. फिनलंडमधील ज्या चाचणीचे दहा वर्षांचे निष्कर्ष २०२२मध्ये प्रसिद्ध झाले, तीत अन्ननलिकेचा दाह स्लीव्ह झालेल्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांत दिसला, बायपास झालेल्यांपैकी ७ टक्क्यांत. म्हणजे जळजळ त्याला बायपासकडे ढकलत होती. जुना मधुमेहही त्याच बाजूला. परंतु बायपासच्या जोडाजवळ व्रण होण्याचा धोका असतो आणि तो रोजच्या वेदनाशामक गोळ्यांनी व धूम्रपानाने वाढतो. म्हणजे गुडघे त्याला स्लीव्हकडे ओढत होते. एकाच माणसाची छाती एकीकडे आणि गुडघे दुसरीकडे! बी-१२, लोह, कॅल्शियम ह्यांच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या जन्मभराच्या, आणि बायपासमध्ये त्यांत कुचराई चालत नाही. गोड खाल्ल्यावर घाम फुटणे, छातीत धडधडणे, भोवळ, जुलाब हे सारे बायपासवाल्यांत अधिक. पाणी आणि जेवण ह्यांत अंतर ठेवायचे, घास सावकाश चावायचा, दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे खायचे; आणि कॅन्टीनची सुट्टी अर्ध्या तासाची, त्यातली दहा मिनिटे रांगेत. त्या तीन रकान्यांत ह्यांपैकी एकही ओळ नव्हती. होते ते दिवस, रुपये आणि किलो.

वजनाच्या गोष्टीत किलोच नायक होतात हा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. २०१७ साली इमान अहमद ही इजिप्तची स्त्री मुंबईत आली, मार्चमध्ये तिची स्लीव्ह झाली, मे महिन्यात तिला अबू धाबीला हलवले आणि सप्टेंबरमध्ये ती वारली. आज कोणालाही विचारा, किती किलो होती आणि किती किलो उतरले हेच आठवेल. कोणती शस्त्रक्रिया, का तीच, हे कोणाच्या स्मरणात आहे? आम्हीही तेव्हा वर्तमानपत्र उघडून आधी आकडाच पाहत होतो.

ह्यावर दोन प्रकारचे आक्षेप आम्ही आमच्याच स्टाफरूममध्ये ऐकले. पहिला नैतिक: जिभेवर ताबा ठेवावा, कशाला हव्यात शस्त्रक्रिया? हे बोलणारे बहुधा सडपातळ असतात, पण सडपातळपणाची खात्री पुण्यानेच मोडून काढली आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन ह्या दोघांचे छायाचित्र २००४मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. दोघांचाही बीएमआय सारखाच, २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन ह्यांची ९.१ टक्के, याज्ञिक ह्यांची २१.२. आपली चरबी नजरेला दिसत नाही, म्हणून ती नाही असे होत नाही. आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेच्या विचाराची रेघ २०२२च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत २७.५वर आणली गेली त्याच्या मुळाशी हीच जाणीव आहे. जिभेचे प्रवचन देणाऱ्यांनी एकदा स्वतःचे पोट मोजावे. मराठी साहित्याने लठ्ठपणाकडे पाहिले ते बहुतेक विनोदाच्या अंगाने. ‘बटाट्याची चाळ’मधला ‘उपास’ आम्ही दरवर्षी आनंदाने शिकवतो आणि पुढेही शिकवू. तक्रार त्याविषयी नाही. त्या हसण्यानंतर ह्या शरीराविषयी गंभीर, नेमके मराठी गद्य आपण घडवले नाही, ही तक्रार आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार: हे सारे डॉक्टरने ठरवायचे, रुग्णाला समजून काय करायचे आहे? ह्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने दिलेले आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा ह्या खटल्यात १६ जानेवारी २००८ रोजी न्यायालयाने सांगितले की उपचाराचे स्वरूप, असल्यास त्याचे पर्याय, मोठे धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम ह्यांची पुरेशी माहिती मिळाल्यावर दिलेली संमती हीच खरी संमती. माहिती मिळणे म्हणजे कागद हातात पडणे नव्हे. ‘जठर बाही उच्छेदन’ हे छापणाऱ्याने कायद्याची पूर्तता केली असेल, पण ते वाचणाऱ्याला काहीही कळवलेले नाही.

आणि येथे बोट आमच्याकडे वळते. त्या कागदाचे मराठी लिहिले कोणी? डॉक्टरने नक्कीच नाही. कोणा अनुवादकाने, आणि तो कदाचित आमच्यासारख्याच एखाद्या वर्गातून बाहेर पडलेला असेल. ‘उपयोजित मराठी’च्या तासाला आम्ही जाहिरातलेखन शिकवतो, अर्जलेखन, वृत्तलेखन, निवेदन शिकवतो. जाहिरातलेखनाला गुण आहेत, संमतीपत्राला नाहीत. म्हणजे भुलवणारे पत्रक लिहायला शिकवणारे आम्ही, आणि समजावणारा कागद वाऱ्यावर सोडणारेही आम्हीच. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला तेव्हा आम्ही महाविद्यालयात पेढे वाटले, भाषणे ठोकली. दोन हजार वर्षांच्या भाषेत ‘तुमचे पोट कापून उरेल ते केळ्याएवढे, आणि ते परत मोठे करता येणार नाही’ हे लिहिता येत नाही काय? जठर, आतडे, जळजळ, मळमळ, भोवळ, करपट ढेकर हे शब्द कोणत्या परिभाषा कोशातून आणावे लागत नाहीत, ते घराघरात आहेत. संस्कृत धातूंची मोळी बांधून त्यांच्यावर जे रचले जाते तेच ‘शुद्ध’, ही समजूत आमच्याच पिढीने जोपासली. त्याची किंमत चाकणच्या लाइनवरचा माणूस देतो.

आता इंजेक्शनांचा नवा रकाना ह्या कोष्टकात आला आहे. टिर्झेपटाइड मार्च २०२५मध्ये आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड जून २०२५मध्ये भारतात विक्रीस आले. त्यांच्या पत्रकांचे मराठीही कोणीतरी लिहीत असेलच.

आमच्या विद्यार्थ्याबरोबर बसून आम्ही त्याचे प्रश्न साध्या मराठीत एका फुलस्केपवर लिहून काढले. जळजळ आहे तर स्लीव्ह चालेल का? गोळी सोडता आली नाही तर बायपासचे काय? माळ घातली आहे, प्रथिने कशातून घेऊ? रात्रपाळीत कधी खाऊ? दहा वर्षांनी तपासणीला कोणाकडे जाऊ? शल्यविशारदांनी तो कागद वाचला आणि, हे न्यायाने सांगायला हवे, पाऊण तास त्याच्यासाठी दिला. आधी दुर्बिणीने अन्ननलिका तपासली. गोळी सुटते का हे पाहण्यासाठी हाडांच्या डॉक्टरांकडे धाडले. सुटली तर बायपास, मिनी नव्हे, असे दोघांमध्ये ठरले आहे. आषाढी वारीनंतरची तारीख त्याने मागून घेतली. संमतीपत्र मात्र अजून तेच आहे, बाहीसकट, आणि सही त्याच्यावरच करायची आहे.