पाठ आणि बढत

2025च्या अखेरीला काशीची एक बातमी आपल्याकडच्या फोनाफोनांतून फिरली. अहिल्यानगरच्या देवव्रत रेखे या 19 वर्षांच्या मुलाने रामघाटावरच्या सांगवेद विद्यालयात शुक्ल यजुर्वेदाचे दंडक्रम पारायण पुरे केले. सुमारे 2000 मंत्र, 50 दिवस, तेही मुखोद्गत. दंडक्रमात पदे म्हणत पुढे जायचे आणि प्रत्येक टप्प्यावर उलट्या क्रमाने पहिल्या पदापर्यंत परत यायचे, स्वर न ढळू देता. पंतप्रधानांनी कौतुक केले. मग नेहमीचे दोन तट पडले: एक म्हणे चमत्कार, दुसरा म्हणे घोकंपट्टी, यात नवे ते काय?

नवे काही नाहीच, आणि असूही नये. एक मात्राही बदलू नये म्हणूनच जटा, दंड, घन असे पाठ रचले गेले. (रचणारा मात्र भलताच कल्पक असला पाहिजे!)

पण याच काशीत दुसरीही शाळा आहे. 1950 साली बनारस हिंदू विद्यापीठात संगीताचे महाविद्यालय सुरू झाले, त्याचे पहिले प्रमुख ओंकारनाथ ठाकूर. ते आपल्या कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. गाण्यातही आधी बंदिश घोटायची, गुरूसारखीच. पुढे बढत करताना, म्हणजे राग फुलवत नेताना मात्र शिष्याने नुसती गुरूची नक्कल केली, तर जाणता श्रोता मान हलवत नाही. म्हणजे पाठांतर कल्पकतेचे वैरी आहे, हे काही सरसकट खरे नव्हे. पाठ झाल्यावर बढतीला जागा आहे की नाही, एवढेच बघायचे.

आपल्या घरांत ती जागा फार लवकर बुजते. ‘हिचा हात चित्रकलेचा नाही’ हा निकाल पाचवीतच लागतो. पोलंडचे मानसशास्त्रज्ञ माचेय कारवोव्स्की यांनी 2014 मध्ये यासाठी मापपट्टीच केली: सर्जनशीलता उपजत असते की वाढवता येते, याबद्दल माणसाची समजूत काय? वाढवता येते असे मानणाऱ्यांचा स्वतःच्या कल्पकतेवरचा विश्वासही जास्त आढळला. पाचवीतल्या निकालाने जातो तो हाच विश्वास.

आणि मुलांची कल्पकता आटली की दोष सगळा फोनवर. सांगलीहून बनारसला शिकायला गेलेल्या पोराचे रेल्वेचे तिकीट, मेसचे पैसे, नोट्स आणि रात्री आईशी मराठीत चार शब्द, सारे त्याच फोनवर. त्याला ‘फोन सोड’ म्हणणे वडीलधाऱ्यांना फार सोपे. टेक्सास विद्यापीठाच्या 2017च्या प्रयोगात फोन दुसऱ्या खोलीत ठेवणाऱ्यांनी चाचण्या अधिक चांगल्या सोडवल्या. पुढच्या प्रयोगांत मात्र दरवेळी तसे दिसले नाही. त्यामुळे फोन सोडण्याच्या शपथा नकोत.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावने 2022 मध्ये केले ते मला जास्त पटते. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद. पोराला दटावून बाप स्वतः रील बघत बसलाय, असे होत नाही. कुरकुर एकच: त्या दीड तासात पुन्हा अभ्यासच बसवला जातो. स्पर्धा परीक्षेची धास्ती घेतलेल्या आईबापांना दुसरे सुचणार तरी काय? तरी त्यातला अर्धा तास पेटीला, मातीला, नाहीतर वेड्यावाकड्या चित्रांना द्यावा. आणि ती चित्रे कुणी तपासू नयेत.