जुन्या भिंगाचा परिवार

मीमांसाशास्त्रांत शेष आणि शेषी असा एक महत्त्वाचा भेद मानला आहे. जें दुसऱ्याच्या कार्यास्तव असतें तें शेष. ज्याच्यास्तव असतें तें शेषी. यज्ञांतील जुहू किंवा शूर्प कितीही सुबक असलें तरी त्यास स्वतःचें फल नाहीं. यागास उपयोगी पडेल तेवढीच त्याची योग्यता. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरीं वाडवडिलांचा जुना रेंजफाइंडर कॅमेरा आहे आणि मुलानातवंडांनीं तो पुनः हातीं घेतला आहे, त्यांना ही दृष्टि उपयोगी पडेल असें आम्हांस वाटतें. कारण जुन्या भिंगाच्या जोडसामानाचा बाजार मोठा मोहक आहे; त्यांत शेषाच्या नादीं लागून शेषीचाच घात होण्याचा संभव असतो.

उदाहरणादाखल लायका कॅमेऱ्याचें एल्मार हें ५० मिलीमीटरचें, ३.५ छिद्राचें भिंग घेऊं. ऑस्कर बार्नाक यांनीं योजलेला हा कॅमेरा जर्मनींतील वेट्झलार येथील लाइट्झ कारखान्यानें १९२५ सालीं लाइपझिगच्या जत्रेंत लोकांपुढें मांडला. भिंगाची रचना माक्स बेरेक यांची. १९३२ सालीं अंतर मोजण्याची योजना कॅमेऱ्याच्या अंगांतच बसवून ती भिंगाशीं जोडण्यांत आली, तोच रेंजफाइंडर. या जातीच्या कॅमेऱ्याचा एक धर्म प्रथम ध्यानांत ठेवला पाहिजे. पाहणारा भिंगांतून पाहत नाहीं, वरच्या खिडकींतून पाहतो. म्हणून भिंगावर झांकण तसेंच राहिलें तरी देखावा स्वच्छ दिसतो, आणि सारें लग्नकार्य टिपून झाल्यावर फिल्म कोरी निघते! पुढील प्रत्येक वस्तूचा विचार हा धर्म लक्षांत घेऊन करावयाचा आहे.

पहिला मान हूडचा. घराच्या दारापुढें पडवी, तसा भिंगापुढें हूड; तिरपा उजेड कांचेवर पडूं न देणें हें त्याचें काम. परावर्तन कमी करणारा लेप कांचेवर देण्याची युक्ति झाइसचे स्माकुला यांनीं १९३५ सालीं काढली. तथापि युद्धापूर्वीं कारखान्यांतून निघालेल्या एल्मारवर असा लेप नसे. त्यामुळें बाजूच्या खिडकीचा प्रखर उजेड भिंगावर येत असेल आणि हूड नसेल, तर आजीबाईंच्या चेहऱ्यावर धुकें पसरल्यासारखें होतें. पण येथें एक अडचण आहे. एल्मारचें छिद्र लहानमोठें करण्याची कळ भिंगाच्या तोंडावरच असते. फायसन नांवाचा मूळ हूड बसविला कीं ती आंत दडते. म्हणून छिद्र आधीं ठरवावें, मग हूड चढवावा. व्हालू नांवाचें दुसरें उपकरण वस्तुतः चित्र मोठें करण्याच्या यंत्रासाठीं निघालें. परंतु त्याच्या बाहेरील कड्यानें आंतली कळ फिरते, म्हणून कित्येकजण त्याचाच हूड करतात. तें घेण्यापूर्वीं त्यावरील आंकडे आपल्या भिंगाशीं जुळतात ना, हें पाहावें. जुन्या एल्मारवर ४.५, ६.३, ९, १२.५, १८ असे आंकडे असतात. आजच्या प्रकाशमापकावर ५.६, ८, ११, १६. मापकानें ५.६ सांगितलें असतां ६.३ ठेवलें तर प्रकाश एक तृतीयांश पायरीनें कमी पडतो, इतकें स्मरलें कीं हिशेब सुटतो.

दुसरा मान पिवळ्या फिल्टरचा. तोही कृष्णधवल फिल्म वापरणारांसच. निळें आकाश तो किंचित् गडद करतो आणि ढग उठून दिसतात. मात्र तो प्रकाशही अडवितो. मध्यम पिवळ्या फिल्टरास साधारणतः दुप्पट प्रकाश द्यावा लागतो. भिंगांतून प्रकाश मोजणारा कॅमेरा हा हिशेब आपोआप करतो. येथें तो आपणच करावयाचा. एल्मारच्या तोंडाचा बाहेरील व्यास ३६ मिलीमीटर. त्यावर सरकवून बसविण्याचे फिल्टर ‘ए ३६’ या खुणेनें ओळखले जातात. सोव्हिएट संघांत झालेल्या झोर्की कॅमेऱ्याच्या इंडस्टार-२२ भिंगाचें सामानही याच मापाचें असून तें स्वस्त पडतें. चित्रास जर्मन मुद्रेची गरज नसते.

तिसरी वस्तु अॅडॅप्टरची कडी. एल्मारचे आटे ३९ मिलीमीटर व्यासाचे, इंचास २६. १९५४ पासून निघालेल्या एम जातीच्या लायकास आट्यांऐवजीं फिरवून अडकविण्याची बैठक आहे. या दोहोंच्या अंतरांत बरोबर १ मिलीमीटरचा फरक आहे; तेवढ्याच जाडीची कडी हवी, आणि तीही ५० मिलीमीटरची चौकट दाखविणारी. कडी जाडींत चुकली तर भिंगावरील अंतराचे आंकडे खरे राहात नाहींत. आरशाविरहित डिजिटल कॅमेऱ्यासही निराळ्या कडीनें हें भिंग लागतें. परंतु तेथें तें आंत मिटवूं नये, आंतील भागांस लागण्याचें भय असतें.

आतां शोधाविषयीं. तारेनें मागणी करणें सोयीचें व्हावें म्हणून लाइट्झनें आपल्या वस्तूंस रोमन लिपींत पांच अक्षरांचीं सांकेतिक नांवें दिलीं होतीं. फायसन व व्हालू हीं त्यांतलींच. इंटरनेटवर नुसता ‘लायकाचा हूड’ धुंडाळण्यापेक्षां या नांवानें शोधल्यास नेमकी वस्तु लौकर सांपडते. मुंबईचा चोरबाजार पालथा घालावयाचा असेल तर खिशांत व्हर्नियर कॅलिपर असावा, आणि शक्य तर भिंगही बरोबर न्यावें. वस्तु अर्ध्या मिलीमीटरनें घट्ट असली तरी ती आपली नव्हे. कानस चालवून किंवा जोर करून बसविलेला हूड पुढें निघतांना भिंगाचें तोंड घेऊन निघतो.

या सर्वांहून मोठा शेष म्हणजे कोरडी हवा. मूळची चामड्याची पेटी मिळाली या आनंदांत भिंग वर्षानुवर्षें तींतच ठेवणें हें कोंकणांत व मुंबईकडे त्याच्या नाशास पुरेसें आहे. चामडें ओल धरतें, बुरशी कांचेवर जाळें विणते, आणि कालांतरानें कांचच कोरते. मग कितीही पुसलें तरी डाग जात नाहीं. पेटी शोभेस ठेवावी. भिंग मात्र हवाबंद डब्यांत सिलिका जेलसह ठेवावें. डब्यांतील सापेक्ष आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या सुमारास राहिली म्हणजे झालें.

तात्पर्य, हूड, एक पिवळा फिल्टर, लागलीच तर कडी, आणि कोरडा डबा, एवढा परिवार एका भिंगास पुरे. आणि बारकाईनें पाहिलें तर भिंग तरी अखेरचें शेषी कोठें आहे? तें चित्राकरितां, आणि चित्र घरांतल्या माणसांकरितां. ज्या घरीं सारी सामग्री जमली, पण गेल्या वर्षभरांत वडील मंडळींचें एकही चित्र निघालें नाहीं, त्या घरीं आणखी कांहीं विकत घेण्यापूर्वीं फिल्म भरावी आणि आजीस उजेडांत बसवावें, अशी आमची सूचना आहे.