पुढची सीट रिकामी

नितीन गडकरी हे आपल्या नागपूरचे खासदार आणि देशाचे रस्ते वाहतूक मंत्री. डिसेंबर २०२३ मध्ये इथल्याच आयआयएमच्या कार्यक्रमात त्यांनी सांगून टाकलं, की विनाचालक गाड्या मी भारतात कधीच येऊ देणार नाही, सत्तर-ऐंशी लाख चालकांच्या नोकऱ्या जातील. भूमिका माणुसकीची आहे, मला ती आवडलीही. पण सारा जन्म बँकेत काढलेल्या बाईला 'कधीच' या शब्दावर तारणाशिवाय कर्ज देणं जड जातं.

यंत्रांबाबत बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात १९८३ साली करार झाला, १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला. संगणक आला की आपण घरी, हीच तेव्हा आमच्या शाखेतली चर्चा. प्रत्यक्षात घरी कोणीच बसलं नाही. लेजरं गेली, पितळी टोकनं गेली, माणसं मात्र निवृत्तीपर्यंत खुर्चीवर राहिली. फक्त निवृत्त झालेल्या कारकुनाच्या जागी नवा कारकून येईना. नुकसान झालं ते तेव्हा शाळेत असलेल्या मुलांचं, आणि त्यांची काही संघटना नव्हती. चालकांचा हिशेब मांडताना आजच्या सत्तर लाखांबरोबर ही मुलंही धरावी लागतील.

अमेरिकेत फिनिक्स शहरात २०२० पासून आणि सॅन फ्रान्सिस्कोत २०२४ पासून वेमोची विनाचालक टॅक्सी कोणालाही बोलावता येते. त्याच सॅन फ्रान्सिस्कोत फेब्रुवारी २०२४ मध्ये जमावाने अशी एक टॅक्सी जाळली. आदल्या वर्षी तिथेच क्रूझ कंपनीच्या गाडीने आधीच धडक बसलेल्या एका बाईला फरफटत नेलं होतं. पुढे त्या कंपनीचा टॅक्सीचा धंदाच बंद झाला. वेमोच्या गाड्या मात्र फिरताहेत. लोक घाबरतात, चिडतात आणि सवयीने बसतातही.

आपण नाही बसणार? मला तर वाटतं, आपण अर्धे बसलोच आहोत. पूर्वी रिक्षात बसलं की आधी भाड्याची घासाघीस (मीटरने जाणारा ऑटो नागपुरात कोणी पाहिलाय?), मग "लोखंडी पुलाखालून नको, तिकडून घ्या", मग पोराबाळांची चौकशी. आता फोनवर गाडी येते, ओटीपी सांगायचा, की उतरेपर्यंत एक शब्द नाही. पुढे माणूस बसलेला असतो, पण आपल्या लेखी ती सीट केव्हाच रिकामी झाली आहे.

याची एक दुसरी बाजूही आहे. मार्चअखेरची कामं आटोपून रात्री दहाला एकटीने घरी जाताना मी रिक्षाचा नंबर पाठ करत असे. पुढे कोणीच नसतं, तर काही रात्री मला बरंच वाटलं असतं. हे पुरुषांना समजावून सांगणं अवघड आहे.

पण धंतोलीत राहणारीला टॅक्सीचा विचार दवाखाने वगळून करता येत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीचे, गोंदियाचे, पार बालाघाट-छिंदवाड्याचे पेशंट या गल्ल्यांतून येतात. बसस्टँडवरून त्यांना आणणारा ऑटोवाला गाडी चालवतो ते थोडाच वेळ. बाकी वेळ तो चिठ्ठीवरचं नाव वाचून देतो, "ते डाक्टर आता तिथं बसत नाही जी" म्हणून सांगतो, म्हाताऱ्याला खांद्याचा आधार देऊन पायऱ्या चढवतो, बाई आत गेल्यावर बाहेर तिच्या पोराजवळ थांबतो. काही जण कमिशनवर भलत्याच दवाखान्यात नेऊन सोडतात, तेही मी पाहिलंय. तरी या कामाचं भाडं कोणी वेगळं मोजलं नाही, म्हणून ते काम कोणत्याच हिशेबात दिसत नाही. यंत्र चालकाचं स्टिअरिंग घेईल, ही कामं घेणार नाही.

तेव्हा या गाड्या येवोत न येवोत, आल्याच तर परवाना देण्यापूर्वी दोन प्रश्न लेखी विचारले जावेत. आपला मोटार वाहन कायदा १९८८ चा, तो परवाना माणसाला देतो. मग अपघात झाला तर आरोपी म्हणून नाव कोणाचं लिहायचं? आणि दवाखान्याच्या दाराशी थांबलेल्या गाडीतून पेशंटला उतरवून घेणारा माणूस कोणाच्या पगारावर असेल, गाडीच्या कंपनीच्या, दवाखान्याच्या, की महापालिकेच्या?