सामाईक भिंतीचा सल्ला

'घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून' ही म्हण आपल्या घरातली आजी मराठीत म्हणते, तेव्हा शेजारच्या अज्जी तीच 'मने कट्टि नोडु, मदुवे माडि नोडु' अशी कन्नडमध्ये ऐकवतात. शब्द वेगळे, सुस्कारा एकच! पण गंमत अशी की, ही म्हण घर बांधून होईपर्यंतचीच गोष्ट सांगते. वास्तुशांतीच्या पंगती उठल्यावर त्या घरात राहायचं कसं, मोरीचं पाणी कुठं सोडायचं, कपडे कुठं वाळत घालायचे, कढीपत्त्याचं झाड भिंतीपासून किती लांब लावायचं, याबद्दल ती काही बोलत नाही. तिथं कामाला येतो तो शेजार.

हे सगळं डोक्यात आलं ते सुरतमधल्या डिंडोलीमुळे. माझी मावसबहीण लग्न होऊन खानदेशी घरात गेली आणि त्या घराबरोबर डिंडोलीची झाली. सीमेवरचे मराठी म्हटलं की आपल्याला आपणच आठवतो. पण शहराच्या आग्नेयेकडचा हा भाग आणि त्याच्या आसपासचे लिंबायत, उधना, पांडेसरा इथं धुळे, नंदुरबार, जळगावकडची मंडळी इतकी आहेत की रस्त्यात अहिराणी सहज कानावर पडते. तापीकाठानं भुसावळहून सुरतेला येणारी रेल्वे शंभराहून अधिक वर्षं जुनी आहे. त्याच वाटेनं ही माणसं यंत्रमागावर आणि कापड रंगवण्याच्या गिरण्यांत कामाला आली. सुरत महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. श्रावणात घरोघरी कानबाई बसते. आधी भाड्याची खोली, मग पै-पै साठवून आणि कर्ज काढून घेतलेलं चिंचोळं रो-हाउस, असा बहुतेकांचा प्रवास. एका बाजूची भिंत एका शेजाऱ्याची, दुसऱ्या बाजूची दुसऱ्याची. आयुष्यभराची कमाई त्या दोन भिंतींच्या मध्ये उभी असते.

अशाच एका भिंतीला तडा गेला. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून निघून तिरका जमिनीकडे उतरलेला. दुपारी ओट्यावर (आपल्याकडच्या 'कट्टे'वर म्हणा ना!) बायका जमल्या आणि सल्ल्यांचा पाऊस पडला. कुणी म्हणालं, सिमेंट भरून टाका. कुणी म्हणालं, बांधणाऱ्यानं फसवलं. एक गुजराती बेन म्हणाल्या, कुणा जाणकाराला दाखवून घ्या. शेवटी गल्लीतले एक म्हातारे गवंडी आले. त्यांनी तड्याकडे पाहिलंच नाही, आधी विचारलं, "भिंतीच्या पायथ्याशी पाणी कुणाचं मुरतंय?"

प्रश्न नेमका होता. सुरतच्या सपाटीवरची माती काळी, चिकण. आपल्या अथणी-सौंदत्तीकडच्या शेतकऱ्याला 'एरे मण्णु' म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसते. पायाखाली सगळीकडे सारखंच पाणी असेल तर घर एकसारखं हलतं आणि फारसं बिघडत नाही. एका कोपऱ्यात रोज ओल आणि दुसऱ्या कोपऱ्यात कोरड असली, की भिंत मधोमध ताणली जाते. गुजराती घरात धुण्या-भांड्यांच्या जागेला 'चौकडी' म्हणतात. आपण मोरी म्हणतो, कन्नडमध्ये बच्चलु. या घरात झालं होतं असं की, शेजारच्या चौकडीचा पाइप गळत होता आणि अलीकडे भिंतीला खेटून कर्दळीचा नि कढीपत्त्याचा वाफा होता, त्याला सकाळ-संध्याकाळ पाणी. दोन्ही घरांनी मिळून एकच कोपरा भिजवला होता. तडा मात्र एकाच घरात दिसत होता.

म्हाताऱ्यांनी सांगितलेले उपाय असे. आधी गळती बंद करा. वाफा भिंतीपासून दूर न्या. घराभोवती दोन-तीन फूट रुंद फरशी अशी घाला की पावसाचं पाणी बाहेरच्या बाजूला उतरेल. पिंपळ, उंबर, जांभूळ अशी मोठी झाडं घराजवळ नकोतच. ती उन्हाळ्यात मातीतलं पाणी ओढून घेतात आणि जमीन आणखी आक्रसते. आणि तडा लगेच भरू नका. त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करून तारीख लिहा, काचेची एक पट्टी प्लॅस्टरनं आडवी चिकटवा. पट्टी फुटली तर भिंत अजून हलते आहे असं समजा आणि इंजिनिअरला बोलवा. कानबाईच्या आधी घर रंगवायची घाई सगळ्यांनाच असते. पण श्रावणात जमीन फुगलेली असते, त्यामुळे असे तडे बऱ्याचदा मिटल्यासारखे वाटतात. वर रंग बसतो, आणि चैत्र-वैशाखात पुन्हा रेघ उमटते. नवं घर बांधणाऱ्यानं तर काळ्या जमिनीत पाया उथळ ठेवूच नये. वरची माती काढून मुरूम भरणं, प्लिंथला बीम घालणं किंवा खाली फुगीर बुंधा असलेले 'अंडर-रीम्ड' खांब जमिनीत उतरवणं, हे खर्चाचं वाटलं तरी नंतरच्या डागडुजीपेक्षा स्वस्त पडतं. जोत्याची उंची ठरवताना ऑगस्ट 2006 चा तापीचा पूर सुरतकर अजून आठवतात.

धुण्याचं पाणी बागेला घालावं का, हा ओट्यावरचा दुसरा वाद. बोअरचं पाणी जड असलं की साबणाला फेस येत नाही, म्हणून बायका बादलीत चमचाभर धुण्याचा सोडा टाकतात. सुती कपड्यांना तो चालतो, रेशमी-लोकरीला नाही. पण सोड्याचं आणि साबणाचं पाणी रोज वाफ्यात गेलं तर काळी माती आणखी घट्ट होते, पाणी खाली जिरत नाही. म्हणून पहिलं पाणी गटारात, शेवटच्या खळबळीचं पाणी केळीला-कर्दळीला, आणि पालेभाजीला त्यातलं काहीच नाही, एवढा नियम पुरे.

वाळत घालण्याचं दुखणं मात्र एकट्या घराला सुटणारं नाही. कोळशाच्या बॉयलरवर चालणाऱ्या गिरण्या जवळ असल्या की गच्चीवरच्या पांढऱ्या कपड्यांवर काळी राख बसते. अशा कपड्याला ओला हात लावायचा नाही. आधी कोरडाच झटकायचा, नाहीतर डाग पक्का होतो. हा झाला घरगुती तोडगा. खरा तोडगा चिमणीवर हवा. सुरतमध्ये 2019 साली धुरातल्या कणांवर मर्यादा घालून गिरण्यांना त्या मर्यादेचे परवाने आपसांत विकण्याची योजना सुरू झाली; हवेतल्या कणांसाठीचा असा जगातला हा पहिलाच बाजार. त्यात भाग घेतलेल्या गिरण्यांचं कणप्रदूषण 20 ते 30 टक्क्यांनी कमी झाल्याचं अभ्यासकांना आढळलं आहे.

आंघोळीच्या पाण्याचा हिशेब आपल्याकडे जास्त उपयोगी, कारण थंडी आपल्याकडे जास्त. घरातला तांब्याचा बंब किंवा न्हाणीतला हंडे जाऊन गिझर आला, तो अनेक घरांत तासतास चालू राहतो. 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 45 अंशांवर न्यायला 2 किलोवॉटच्या गिझरला दहा-अकरा मिनिटं लागतात आणि साधारण एक तृतीयांश युनिट वीज. जड पाणी फार तापवलं की क्षार लवकर बसतात, म्हणून गिझरचा काटा 50 च्या आसपास ठेवलेला बरा.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. डिंडोलीत प्रत्येक जण आपापल्या गावचा सल्ला घेऊन आला आहे, आणि तो सल्ला खोटा नाही. तो दुसऱ्या जमिनीचा आहे. खानदेशातलं मातीच्या धाब्याचं घर तिथल्या बेताच्या पावसाला शोभतं; सुरतेच्या पावसात तसं छप्पर टिकणार नाही. आपल्याच जिल्ह्यात पाहा, खानापूरच्या जांभ्या दगडावर ज्यानं घर बांधलं, त्याचा अनुभव अथणीच्या काळ्या रानात जसाच्या तसा कसा चालेल? म्हणून सल्ला घेताना 'तुमची जमीन कसली होती, पाऊस किती होता' हे विचारून घ्यावं. त्यात सांगणाऱ्याचा अपमान नाही.

कन्नडमध्ये म्हणतात, 'हित्तल गिड मद्दल्ल', परसातल्या झाडाला कुणी औषध मानत नाही. गल्लीतल्या म्हाताऱ्या गवंड्याचंही तसंच होतं. पण डिंडोलीच्या त्या गल्लीत पाइप दुरुस्त केला शेजाऱ्यानं, वाफा हलवला माझ्या बहिणीनं, आणि फरशीचा खर्च दोघांनी निम्मा-निम्मा वाटून घेतला. काचेची पट्टी अजून शाबूत आहे. पुढचा वैशाख गेला की तडा भरायचं ठरलं आहे. तुमच्या घरालाही सामाईक भिंत असेल, तर यंदा रंगाचा डबा आणण्याआधी तिचा पायथा दोन्ही बाजूंनी पाहून या. जाताना शेजाऱ्यांनाही हाक मारा. मराठीत किंवा कन्नडमध्ये, जी त्यांना जवळची असेल ती.