कोरा रकाना आणि शून्य

बँकेत असताना कर्जाचे अर्ज तपासणे हे माझे वर्षानुवर्षांचे काम. एकदा एका शेतकरी बाईंनी अर्जातला 'इतर उत्पन्न' हा रकाना कोरा ठेवला होता. यादी करताना कारकुनाने तिथे शून्य लिहिले, आणि शून्यवाले अर्ज बाजूला काढल्यावर त्या नामंजूर गठ्ठ्यावर मीच सही केली. महिन्याभराने बाई आल्या. डेअरीला दूध घालून त्या घर चालवत होत्या. रकान्यात काय लिहायचे ते त्यांना कोणी सांगितले नव्हते, एवढेच. "साहेब, मला काही उत्पन्न नाही, असं मी कुठं लिहिलं होतं?" त्यांनी विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते.

परवा हा प्रसंग पुन्हा आठवला तो भाचीमुळे. ती संख्याशास्त्र शिकते आणि 'आर' ही संगणकाची भाषा वापरते. तिच्यासमोर एक तक्ता होता. अमेरिकेतल्या ॲरिझोनातील पिमा या आदिवासी जमातीच्या ७६८ स्त्रियांच्या मधुमेह-तपासणीचा. जगभरचे विद्यार्थी या तक्त्यावर हात बसवतात. त्यात ३५ जणींचा रक्तदाब शून्य होता आणि ३७४ जणींचे इन्सुलिन शून्य.

"मामा, रक्तदाब शून्य असलेली बाई तपासणीला येईल कशी?" भाची हसून म्हणाली. हे शून्य म्हणजे मोजमाप नव्हतेच. न मोजल्याची खूण होती. ही शून्ये धरून इन्सुलिनची सरासरी काढली तर ती ८० च्या आसपास येते. ती वगळली तर १५५ च्या वर जाते. म्हणजे जवळजवळ दुप्पट!

'आर'मध्ये यासाठी 'एनए' अशी वेगळी खूण आहे. ज्या ओळींत इन्सुलिन शून्य आहे त्या निवडायच्या आणि तिथे 'एनए' भरायचे. मग सरासरी विचारली तर यंत्र 'ठाऊक नाही' असेच उत्तर देते; कोऱ्या जागा वगळायला आपण स्पष्ट सांगावे लागते. हा प्रामाणिकपणा मला फार आवडला. पण सरसकट सगळी शून्ये पुसूनही चालत नाही. त्याच तक्त्यात गर्भधारणा किती झाल्या याचा रकाना आहे आणि तिथले शून्य अगदी खरे आहे. कुठले शून्य खरे आणि कुठले खोटे, हे यंत्राला कळत नाही. ते रकान्याचा अर्थ जाणणाऱ्या माणसालाच ठरवावे लागते.

आणखी एक सोपी वाट आहे: कोरी जागा असलेली प्रत्येक ओळ काढून टाकायची. तसे केले की ७६८ पैकी ३९२ स्त्रिया उरतात. बाकीच्या ३७६ जणींची उरलेली सगळी माहितीही त्यांच्याबरोबर जाते. तक्ता स्वच्छ दिसतो. पण तो आता निम्म्याच बायकांविषयी बोलत असतो.

आज कर्ज, विमा, शिष्यवृत्ती, सरकारी योजना, सगळीकडे याद्यांवरून माणसे निवडली जातात. 'नाही' आणि 'माहीत नाही' यांतला फरक ज्या यादीत पुसला गेला, त्या यादीवर सही करणाऱ्याने क्षणभर थांबावे. कोऱ्या रकान्यापुढे करण्यासारखी पहिली गोष्ट अगदी साधी आहे: त्या माणसाला विचारणे. मी त्या दिवशी तेवढेच केले नव्हते.