संघाचा शेअर : इसार देण्याआधी झाड पाहा

मोर्शीचा संत्रा व्यापारी बगीचा घेताना झाड न् झाड पाहतो, फळाचा अंदाज बांधतो आणि मगच इसार देतो. तोच आमचा भाऊ क्रिकेट संघाचा शेअर घेताना मात्र फक्त कर्णधाराचे नाव विचारतो! हौसेला आमची ना नाही. पण हौस आणि धंद्याचे भांडवल यांची गल्लत होऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

चेन्नई सुपर किंग्ज हा संघ २००८ साली इंडिया सिमेंट्स कंपनीने घेतला. पुढे संघाची वेगळी कंपनी झाली आणि तिचे शेअर मूळ कंपनीच्या भागधारकांना मिळाले. शेअर बाजारात नोंद नसतानाही ते दलालांमार्फत हातोहात विकले जाऊ लागले. अशा व्यवहारात भाव दलाल सांगेल तो, आणि विकायची वेळ आली की गिऱ्हाईक शोधण्याची पाळी आपली. सभेत मत मिळते खरे, पण जितके शेअर तितकी मते. पाच-पन्नास शेअरवाल्याला तिथे कोण विचारणार?

आता दुसरी तऱ्हा पाहा. अमेरिकेत ग्रीन बे हे सुमारे लाखभर वस्तीचे शहर आहे. तिथला पॅकर्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ १९२३ पासून लोकांच्या मालकीचा आहे. भागधारक पाच लाखांहून अधिक. २०२१-२२ च्या विक्रीत एका शेअरची किंमत ३०० डॉलर होती. त्यावर लाभांश नाही, भाववाढ नाही, तिकिटात सवलत नाही. बाहेर विकता येत नाही, घरच्या माणसाला तेवढा देता येतो. मग मिळते काय? संचालक निवडण्याचे मत आणि वार्षिक सभेत हिशेब ऐकण्याचा हक्क. कोणा एकाच्या हाती संघ जाऊ नये म्हणून शेअर किती घ्यावेत यालाही मर्यादा आहे. म्हणूनच मोठमोठ्या शहरांच्या स्पर्धेत हा संघ आपल्या गावी टिकला. त्या लोकांनी नफा विकत घेतला नाही, संघ गावात ठेवण्याचा हक्क घेतला. आणि नफा मिळणार नाही, हे त्यांना आधीच स्पष्ट सांगितलेले होते.

आमच्या मते खरा मुद्दा हाच आहे. नफ्यासाठी घेता की मालकीच्या आनंदासाठी, हे आधी ठरवा. मग तीन प्रश्न विचारा : मत किती? हिशेब कोण दाखवणार? विकायचा झाल्यास घेणार कोण? उत्तर मिळाले नाही तर हात आखडता घ्या. मालाचे, मशीनचे किंवा मुलांच्या फीचे पैसे यात घालू नका. गेले तरी दुकानाचे शटर उद्या उघडेल, एवढीच रक्कम लावा.

एक गोष्ट घरचीही. आपल्या गावात कबड्डी आणि क्रिकेटच्या संघांसाठी दुकानदार वर्गणी देतात, पण पावती मागत नाहीत. सहकारी संस्थेत एका सभासदाला एक मत असते, हा नियम महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्यात आहे. तोच दंडक मंडळांनी आपणहून पाळावा. पावती द्यावी, हंगाम संपल्यावर जमाखर्च फळ्यावर लिहावा. वर्गणी देणारा लहान असला तरी त्याचा पैसा ही अमानत आहे, आणि अमानतीचा हिशेब मागण्यात लाज कसली?