माळव्यातील पिवळे संकट

धार आणि देवास ही नावे मराठी वाचकाला पवारांच्या गाद्यांमुळे परिचित आहेत. आज मात्र या दोन्ही जिल्ह्यांतील शेतकऱ्याचे सुखदुःख सोयाबीनच्या पानाशी जखडलेले आहे. एके काळी माळव्याची काळी, चिकट जमीन पावसाळ्यात बहुधा पडीक राही. १९७० नंतर सोयाबीनने ती व्यापली. लाभ झाला, यात संशय नाही. परंतु १९९४ साली प्रसृत झालेले जे.एस. ३३५ हे एकच वाण वर्षानुवर्षे जिकडेतिकडे पेरले गेले आणि पिवळ्या मोझॅकच्या विषाणूला आयते रान मिळाले. २०१५ च्या खरिपात या रोगाने मध्य प्रदेशातील शेतकऱ्याच्या तोंडचे पाणी पळविले.

हा विषाणू पांढरी माशी पसरविते. एकदा तो झाडात शिरला की त्यावर औषध नाही. तरीही वनस्पती अगदीच असहाय नसते. रोगाची चाहूल लागताच ग्रासलेल्या पेशी स्वतः मरण पत्करून शत्रूची वाट अडवितात. सॅलिसिलिक आम्लाच्या योगे दूरची पानेही सावध होतात. (ॲस्पिरिन हे याच आम्लाचे भावंड.) पण ही लढाई उपाशीपोटी लढता येत नाही. माळव्यात गंधक आणि जस्त यांची उणीव पुष्कळ ठिकाणी आहे. उलट युरियाचा मारा केला की पाने लुसलुशीत होतात, किडीचे फावते, आणि मुळांवरील गाठींचे नत्र मिळविण्याचे कामही मंदावते.

खरी गोम निदानात आहे. शेतात पाणी साचून लोह मिळेनासे झाले तर कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. मोझॅकचे पिवळे डाग वेडेवाकडे, विखुरलेले असतात. घाबरलेल्या शेतकऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात आणि दुकानदार दोहोंवर एकच कीटकनाशक देतो! आमच्या कुळागरांतील बागायतदाराला हे नवे नाही. पण कोळेरोगावर निदान मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण तरी आहे.

याच माळव्यात, इंदूरला, १९२४ ते १९३१ या काळात सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची पद्धत सिद्ध केली. जमीन निकोप तर पीक निकोप, असे त्यांचे मत होते. ते आम्हांला सर्वस्वी मान्य नाही. चांगल्या पोसलेल्या पिकालाही पांढरी माशी डसतेच. तेथे प्रतिकारक वाणच हवे. जे.एस. २०-२९ सारखी वाणे निघाली आहेत आणि सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था इंदूरलाच, म्हणजे धार-देवासच्या उंबरठ्यावर आहे. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटकांची नोंदही मिळते. ती नोंद वाचून दाखविणारा आणि रोगट रोपे वेळीच उपटावयास सांगणारा कृषिसहायक गावात पोहोचला पाहिजे, तोही पेरणीपूर्वी. पाने पिवळी पडल्यावर येणारे पंचनाम्याचे पथक त्याची जागा घेऊ शकत नाही.